गठ्ठ्याच्या अब्रूचं प्रकरण

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी लिहिलेला अर्ज आजवर कधीही परत आलेला नव्हता. येईलच कसा? बत्तीस वर्षं एका सरकारी कचेरीच्या आवक विभागात बसून मी दुसऱ्यांचे अर्ज परत पाठवले आहेत. सही नाही, परत. तारीख नाही, परत. सहपत्रं तीन लिहिली आणि दोनच जोडली, परत. माझा सगळ्यात आवडता शेरा होता ‘प्रत अपूर्ण’. लोक झेरॉक्स काढताना एखादी ओळ कापतात आणि कागद तसाच जोडून देतात. ती कापलेली ओळ मी खुर्चीतून न उठता ओळखायचो. टेबलापलीकडचा कागद उलटा वाचण्याची विद्याही मी तिथेच कमावली. समोरचा माणूस कागद फिरवून देईपर्यंत माझा शेरा मनात लिहून झालेला असायचा.

तर अशा माणसाने एखाद्या पशुवैद्याविरुद्ध तक्रार करायची ठरवली, तर ती किती बिनतोड असेल याचा तुम्हीच विचार करा!

या साऱ्याचं मूळ म्हणजे आमचा बोका. रंगाने करडा, अंगाने ऐसपैस. तो पाय पोटाशी घेऊन बसला की दोरीने बांधलेल्या जुन्या फायलींसारखा दिसतो, म्हणून मी त्याचं नाव गठ्ठा ठेवलं. स्वभावाने इतका गरीब की उंदीर दिसला तर हाच बाजूला सरकून वाट देतो.

आमच्या मुलीचं बाळंतपण जवळ आलं होतं. आम्ही दोघं तिच्या गावी दोन महिने राहायला जाणार होतो. पहिलंच नातवंड! मी वरकरणी शांत होतो, पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज सकाळी एक फुली मारत होतो. प्रश्न होता गठ्ठ्याचा. जवळच एक बाई लोकांची मांजरं सांभाळतात. सगळे त्यांना मांजरमावशी म्हणतात. त्यांची अट कडक. पशुवैद्याचा दाखला हवा, आणि तो नुसता तब्येतीचा चालत नाही, स्वभावाचाही लागतो. मागे एका तिरसट बोक्याने त्यांच्याकडच्या दुसऱ्याचा कान फाडला होता. तेव्हापासून दाखल्याशिवाय त्या दारही उघडत नाहीत.

“दाखला नाही मिळाला तर?” मी बायकोला विचारलं.

“तर एकाला इथे गठ्ठ्याजवळ राहावं लागेल,” ती म्हणाली. “आणि मी तर जाणारच आहे.”

गाडी पुढच्या शनिवारी सकाळी नऊची होती. आम्ही त्याच्या आदल्या आठवड्यातल्या शुक्रवारीच दवाखान्यात गेलो. आठ दिवस हाताशी होते.

दवाखान्यात आमचा नंबर अकरावा. आता मी काही भांडखोर माणूस नाही. मी काउंटरवरच्या बाईंना फक्त विचारलं की सातव्या नंबरनंतर नववा आत कसा गेला. मग आणखी दोनदा विचारलं, कारण पहिल्या उत्तरात स्पष्टता नव्हती. शेजारी पोपटाचा पिंजरा घेऊन एक गृहस्थ बसले होते. पिंजरा बाकावर ठेवणं म्हणजे एका माणसाची जागा अडवणं आहे, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांना ते समजत नव्हतं म्हणून जरा मोठ्याने समजावलं. मुद्दा ठसावा म्हणून काउंटरवर दोन-चारदा हात ठेवला. तो थोडा जोरात पडला असेल. बायको माझी बाही ओढत होती.

काउंटरवरच्या बाई मात्र गुणी. “काका, शर्ट किती छान आहे तुमचा,” त्या म्हणाल्या. माणसाची पारख असलेली बाई. दर खेपेला त्यांना माझा शर्ट आवडतो. मी जाऊन जागेवर बसलो.

डॉक्टर म्हणजे पस्तिशीचा, हडकुळा, कमी बोलणारा माणूस. त्याने गठ्ठ्याला टेबलावर घेतलं, दात पाहिले, कान पाहिले, पोट चाचपलं, कार्डावर काहीतरी लिहिलं आणि हात धुवायला आत गेला. जाता जाता म्हणाला, “दाखला सोमवारी काउंटरवरून घेऊन जा.”

कार्ड टेबलावरच होतं. गठ्ठ्याला कागद दिसला की तो त्यावर बसतो. त्याप्रमाणे तो कार्डाच्या वरच्या अर्ध्या भागावर ऐसपैस बसला. खालचा अर्धा भाग उघडा होता, माझ्या बाजूने उलटा. मी तो सहज वाचला, आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. तिथे लिहिलं होतं :

‘तापट. थांबायला लावलं की गुरगुरतो. शेजारी बसलेल्यांच्या अंगावर जातो. टेबलावर आपटाआपट करतो. विरोध करू नये, आणखी चिडतो. कौतुक केलं की लगेच शांत होतो.’

गठ्ठ्याबद्दल! माझ्या गठ्ठ्याबद्दल! त्या क्षणीही तो बिचारा डॉक्टरच्या पेनाला गाल घासत होता.

मी तिथे एक शब्द बोललो नाही. बोलून झालेली तक्रार हवेत जाते, लिहिलेली फायलीत जाते. घरी येताना रिक्षात बायकोला सगळं सांगितलं.

“अहो, मग डॉक्टरांना विचारायचं ना तिथेच!”

“विचारायचं नसतं. लिहायचं असतं.”

“आणि तो दाखला?”

“असा माणूस दाखल्यात काय लिहिणार, हे आता स्पष्टच आहे. मांजरमावशी तो वाचून दारात उभं करणार नाहीत. आधी त्या शेऱ्याचा निकाल लावायला हवा.”

शनिवारी मी एकटाच दवाखान्यात गेलो आणि काउंटरवरच्या बाईंकडे कार्ड मागितलं. झेरॉक्स काढून दहा मिनिटांत परत देतो म्हणालो. बाईंनी कार्ड काढलं, त्यावर नजर टाकली आणि त्यांचा चेहराच उतरला.

“काका, तुम्ही वाचलंत की काय हे?”

“अक्षर न् अक्षर.”

“रागावलात?”

“मी रागावत नाही. मी लिहितो.”

“डॉक्टरांच्या मनात तसं काही नसतं हो,” त्या अजिजीने म्हणाल्या. “ते सगळ्यांबद्दलच लिहून ठेवतात.”

सगळ्यांबद्दल! म्हणजे गावातल्या यच्चयावत मुक्या प्राण्यांची बदनामी या दवाखान्यात नोंदवून ठेवलेली होती. प्रकरण मला वाटलं होतं त्याहून मोठं निघालं. बाईंनी कार्ड पाकिटात घालून दिलं आणि माझा शर्ट छान आहे असं पुन्हा म्हणाल्या. पण त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं.

झेरॉक्सच्या दुकानात मी पाकीट पुढे केलं. कार्ड मी परत वाचलं नाही. एकदा वाचलेला कागद पुन्हा वाचायचा नाही, ही माझी जुनी पद्धत. नाहीतर दिवसाला दीडशे अर्ज उरकले नसते.

“खालचा भाग मोठा करून द्या,” मी दुकानदाराला सांगितलं. “पानभर येऊ दे. वाचणाऱ्याला अन्याय डोळ्यांत भरला पाहिजे.”

“काका, एवढं मोठं केलं तर वरचं कापलं जाईल.”

“जाऊ दे. वर नाव-पत्ताच असतो.”

रविवारभर मी मसुदा केला. पशुवैद्यांच्या वर्तनाबद्दलच्या तक्रारी ऐकायला त्यांच्या परिषदेची एक समिती असते. ती दर शुक्रवारी बसते आणि सोमवारी दुपारच्या आत आलेले अर्ज त्याच आठवड्यात घेते, ही माहिती मी काढून ठेवली होती. पाच पानं, चौदा मुद्दे, सहपत्रं चार. सहपत्र एक, गठ्ठ्याचा झोपलेला फोटो. सहपत्र दोन, डॉक्टरचा शेरा. सहावा मुद्दा तर असा उतरला होता की मी तो बायकोला मुद्दाम वाचून दाखवला.

“‘अर्जदार गेली सहा वर्षं सदर बोक्यासह एकाच घरात राहत असून, वर वर्णन केलेल्यापैकी एकही वर्तन अर्जदाराने आपल्या घरात कधीही पाहिलेलं नाही.’ कसं आहे?”

बायकोने सहपत्र दोन हातात घेतलं. वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे बघत राहिली.

“मी पाहिलंय,” ती म्हणाली.

“काय पाहिलंयस?”

“काही नाही. गॅसवर भाजी आहे.” आणि ती आत गेली. स्वयंपाकघरातून बराच वेळ काही आवाज आला नाही, भाजीचाही नाही.

संध्याकाळी मेहुणा आला. साक्षीदार म्हणून मला त्याची सही हवी होती. त्याने सहपत्र दोन वाचलं आणि त्याला जोराचा ठसका लागला. पाणी दिलं तरी थांबेना.

“दाजी,” डोळे पुसत तो म्हणाला, “हे बोक्याबद्दल आहे?”

“मग कोणाबद्दल असणार?”

“नाही, नाही. बरोबर आहे. मला याची एक प्रत द्या ना. घरी सगळ्यांना वाचून दाखवतो.”

गठ्ठ्यासाठी घरचे लोक असे पाठीशी उभे राहिलेले पाहून मला भरून आलं.

सोमवारी सकाळी अर्ज दाखल केला, पोच घेतली. पोचेच्या मागे बारीक अक्षरांत नियम छापले होते. ते मी तिथेच उभ्या उभ्या वाचले. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत त्या पशुवैद्याला त्या जनावराचा कोणताही दाखला देता येत नाही. मी दुसऱ्या दोन डॉक्टरांना विचारून आलो. स्वभावाचा दाखला द्यायचा तर ते जनावर निदान सहा महिने ओळखीचं असावं लागतं, असं दोघांनीही सांगितलं. म्हणजे शुक्रवारी चारच्या सुनावणीत निकाल लागला तर ठीक. नाहीतर शनिवारी नऊच्या गाडीने बायको एकटी जाणार, आणि मी दोन महिने गठ्ठ्यासमोर बसून नातवंडाचे फोटो बघणार.

बायकोने गुरुवारी तिची बॅग भरली. माझ्या कपाटाला हातही लावला नाही.

“माझी बॅग?”

“तुमची शुक्रवारनंतर बघू,” ती म्हणाली. मला ते फार लागलं.

शुक्रवारी आम्ही दोघं गठ्ठ्याला टोपलीत घालून समितीच्या कचेरीत पोचलो. दुसरा मजला, लांबलचक बाक, खडखडणारा पंखा. वेळ चारची दिलेली आणि पावणेपाच झाले तरी बोलावणं नाही. मी खिडकीशी जाऊन तिथल्या कारकुनाला कारण विचारलं. तीनदा विचारलं. शेजारी एक शेळीवाले बसले होते. त्यांच्या अर्जाला टाचणी चुकीच्या कोपऱ्यात होती, ते मी त्यांच्या भल्यासाठी सांगितलं. ते उगाच उठून दुसऱ्या बाकावर गेले.

शेवटी बोलावलं. अध्यक्ष एक पांढऱ्या केसांच्या मॅडम, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. आजूबाजूला दोन सभासद, कोपऱ्यात तोच कारकून, आणि एका खुर्चीवर आमचा हडकुळा डॉक्टर. मी टोपली उघडली. गठ्ठा बाहेर आला, टेबलावरून शांतपणे चालत गेला, तिन्ही सभासदांचे हात हुंगले आणि मॅडमसमोरच्या माझ्याच फायलीवर पाय पोटाशी घेऊन झोपला. इतकी चांगली साक्ष मी शिकवूनही दिली नसती.

“बोका तर फारच शांत दिसतो,” मॅडम म्हणाल्या.

“तेच तर माझं म्हणणं आहे!” मी टेबलावर हात आपटला. पाण्याचे ग्लास हलले. गठ्ठ्याने एक डोळा उघडला आणि मिटला. एका सभासदाने काहीतरी लिहून घेतलं.

डॉक्टर पुढे सरकून म्हणाला, “मॅडम, मला वाटतं यात काहीतरी...”

“मध्ये बोलू नका!” मी त्याच्या अंगावर ओरडलो. “आधी माझे चौदा मुद्दे पूर्ण होतील. तीन तास लागले तरी चालतील. मला पाऊण तास बाहेर बसवलंत, आता ऐकून घ्या!”

मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. मग त्यांनी गठ्ठ्याच्या पोटाखालून हळूच सहपत्र दोन ओढून काढलं, चष्मा लावला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत वाचायला लागल्या.

“थांबायला लावलं की...” त्या पुटपुटल्या आणि त्यांनी कारकुनाकडे पाहिलं.

“तीनदा आले होते खिडकीशी,” कारकून म्हणाला. “आणि शेळीवाले दुसऱ्या बाकावर जाऊन बसलेत.”

“टेबलावर...” त्यांनी हललेल्या ग्लासांकडे पाहिलं. मग शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, “एक मात्र सांगते. इतकी नेटकी तक्रार या टेबलावर आजवर आलेली नाही. काय अक्षर, काय मुद्दे!”

“नाही, म्हणजे, मॅडम,” मी खाली बसलो, “आपल्यासारख्या जाणकारांनी म्हणावं, यातच सगळं आलं. आपण म्हणाल तसं. मला घाई नाही.”

 एका सभासदाने रुमाल तोंडाला लावला.

“डॉक्टर,” मॅडम म्हणाल्या, “मूळ कार्ड आणलंय?”

डॉक्टरने कार्ड दिलं. त्याचे कान लाल झाले होते. मॅडमनी ते पाहिलं आणि माझ्यासमोर ठेवलं, सुलटं. त्यावर छापील अक्षरांत दोन रकाने होते. पहिला, ‘प्राण्याचा स्वभाव’. त्यापुढे लिहिलं होतं, ‘अतिशय शांत. कोणाच्याही हाती देता येईल.’ त्याखाली दुसरा रकाना.

‘प्राणी घेऊन येणाऱ्याचा स्वभाव’.

आणि त्याखाली, ‘तापट. थांबायला लावलं की गुरगुरतो...’

पुढचं मी वाचलं नाही. ते मी आधी वाचलेलं होतं.

“जनावर कसं आहे ते हात लावला की कळतं,” डॉक्टर खाली बघत म्हणाला. “माणसाचं आधी माहीत असलेलं बरं. काउंटरवरच्या बाईंना सोपं जातं. त्या कार्ड बघूनच बोलतात.”

मी माझ्या शर्टाकडे पाहिलं. निळा, चौकटीचा. चार वर्षांचा जुना, कॉलर विरलेली. त्यात छान असं खरंच काही नव्हतं.

“तुमची तक्रार अजूनही उभी राहू शकते,” मॅडम म्हणाल्या. “डॉक्टरांनी तुमचं खोटं वर्णन केलं, असं म्हणा. फक्त ते खोटं आहे हे सिद्ध करावं लागेल. तुम्हाला जवळून ओळखणारा कोणी साक्षीदार आहे?”

मी आशेने बायकोकडे वळलो. पस्तीस वर्षांचा संसार. ती खिडकीबाहेर बघत होती. बाहेर एक भिंत होती, दुसरं काही नव्हतं.

“मी तक्रार मागे घेतो,” मी म्हणालो.

त्याला रीतसर अर्ज लागतो. मी तिथेच चार ओळी लिहून कारकुनाला दिल्या. त्याने वाचल्या आणि कागद माझ्याकडे सरकवला.

“तारीख नाही,” तो म्हणाला. “परत.”

मी तारीख घातली. त्याने तो अर्ज घेतला, मग माझी मूळ फाईल गठ्ठ्याखालून ओढली आणि सहपत्र दोनवर लाल शाईने शेरा मारला. उलटा होता, तरी मला वाचता आला. ‘प्रत अपूर्ण.’ अक्षर चांगलं होतं. पोरगं पुढे जाईल.

बाहेर जिन्याशी डॉक्टर थांबला होता. त्याने खिशातून एक पाकीट काढून दिलं. “दाखला. गेल्या शुक्रवारीच लिहून ठेवला होता. तुम्ही न्यायला आलाच नाहीत.”

मी पाकीट उघडलं. ‘बोका निरोगी व अत्यंत शांत.’ तारीख, सही, शिक्का, सगळं जिथल्या तिथे. मला त्याची माफी मागायची होती, पण शब्दच सुचेना. बत्तीस वर्षांत तो मसुदा कधी केलाच नव्हता. “तुमचा शर्ट छान आहे,” मी म्हणालो. तो बिचारा हसला.

त्याच संध्याकाळी मांजरमावशींनी दाखला वाचून गठ्ठ्याला आत घेतलं. घरी बायकोने माझी बॅग काढली. ती आधीच भरलेली होती, पलंगाखाली सरकवून ठेवलेली. “भरलेली होती तर सांगितलं का नाहीस?” असं मी विचारणार होतो, पण जरा दमाने घ्यायचं ठरवलं. शनिवारी नऊच्या गाडीत आम्ही दोघंही होतो.

पाचव्या दिवशी मुलीला मुलगी झाली. आम्ही दवाखान्यात गेलो तर दारातच नर्स भेटली.

“बाळ छान आहे,” ती म्हणाली, “पण तापट आहे हं! दुधाला जरा थांबवलं की गुरगुरते. शेजारच्या पाळण्यातली बाळंही उठवून ठेवलीयत तिने. हातपाय असे आपटते की विचारू नका.”

आमची मुलगी माझ्याकडे बघायला लागली. जावई छताकडे बघायला लागले. बायकोने तर तोंडावर हातच धरला. तिने मुलीला सगळं कळवलेलं दिसत होतं, सहपत्रांसकट.

पाळण्यातून तो लाल चेहरा माझ्यावर खेकसत होता. मी तिला उचलून घेतलं. जीव केवढासा, आवाज केवढा! माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. सगळे बघत होते, म्हणून मी तिच्या कानाशी वाकलो आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणालो, “झबलं किती छान आहे गं तुझं.”

ती लगेच शांत झाली.